तातेराव मास्तर सरळ चालतात

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून तातेराव मास्तर दारूच्या थेंबाला शिवले नव्हते. आणि चौऱ्याहत्तर साली गावानं नेमकं त्यांनाच दारुडं ठरवलं!

झालं होतं असं, की क्षय झाला म्हणून मास्तरांनी तीन महिने रोज सुई टोचून घेतली. क्षय गेला, पण त्या औषधानं तोलही नेला. पाऊल टाकलं की जमीन हले, फळ्यावरची अक्षरं नाचत. धावडा गावाजवळच्या आपल्या वाडीत मास्तर शाळेला निघाले की रस्ताभर झोकांड्या. सरपंच काकासाहेबांना निमित्तच हवं होतं. 'मास्तर पिऊन शिकवतो, नोकरीवरून काढा,' असा अर्ज त्यांनी ठोकून दिला. चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब दोन महिन्यांनी येणार होते.

जालन्याच्या डॉक्टरांनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं, "कानाच्या आतला तोल गेला तो गेला. पण डोळे आणि तळपाय यांच्याकडून मेंदू नव्यानं शिकतो. पडून राहाल तर शिकणार नाही. ज्यानं चक्कर येते तेच मुद्दाम करा."

आता शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करून सांगतात, की मेंदूत तोल सांभाळणाऱ्या पेशींभोवती एक घट्ट जाळी विणलेली असते. कानाकडून निरोप यायचा थांबला की ती सैल होते, नवे धागे जुळतात, मग ती पुन्हा आवळते. मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना बदनामी ठाऊक होती, आणि तिनं त्यांचं रक्त उकळत होतं.

रोज सकाळी ते अनवाणी शेताच्या बांधावर चढत. मान डावीकडं, मान उजवीकडं, एक पाऊल. धप्प! ओकारी आली तर ओकायचं, तोंड पुसायचं, पुन्हा चढायचं. पोरं फिदीफिदी हसत.

"कशाला जीवाला त्रास करून राह्यले? घरी बसा," बायको मालनबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"बसलो तर त्यांचंच खरं झालं," मास्तर म्हणाले आणि निघाले.

चौकशीच्या दिवशी शाळेपुढं अख्खी वाडी जमली. साहेबांनी खडूनं ओट्यावर लांब रेघ ओढली. मास्तर तिच्यावरून शेवटपर्यंत गेले, वळले, परत आले. साहेबांनी पेन उघडलं तसे काकासाहेब पुढं सरसावले.

"ह्याला काय अर्थ? डोळे मिटून चालवा म्हंजे बराबर कळंल!"

मास्तरांचे कान तापले.

"साहेब, डोळे मिटले तर मी पडणार. सुईनं तोल गेला तो गेला, आता मी डोळ्यांनीच उभा राहतो. कागद बघायचा तर डॉक्टरांचा बघा." मग ते काकासाहेबांकडं वळले. "आमच्या बापजाद्यांनी तुमच्या पुढ्यात लई पिढ्या डोळे मिटून काढल्या. मी न्हाई मिटणार. नोकरी गेली तरी न्हाई."

साहेबांनी डॉक्टरांचा कागद वाचला, अर्जावर 'तथ्य नाही' असं लिहिलं आणि निकाल वाचल्याची सही करायला तो काकासाहेबांपुढं सरकवला.