गाडीवर बसायचं नाही

देवळीच्या बसस्टँडसमोर गजेंद्रचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. घरचा चहासुद्धा कपात डोकावल्याशिवाय न पिणारा हा माणूस. गिऱ्हाईक खोटंच बोलतं, हे तो धरूनच चालतो. काम होईपर्यंत दुकानात कुणालाही गाडीवर बसू देत नाही. बसला की पैसे न देता पळाला, हा त्याचा हिशेब.

वर्ध्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या रजतनं गाडीला पुढून मोठं फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचं कवच, अन् रेसिंगचं बुटकं हँडल बसवून घेतलं होतं. वळताना हँडल फेअरिंगला घासायचं. गजेंद्रनं फेअरिंगची कड कापून दिली, तरी आठवड्यानं रजत अंगठ्याला पट्टी बांधून हजर.

"काका, हँडल अजून लागते."

"गाडी पाडली असशील कुठं तरी!"

गजेंद्रनं गाडी मेन स्टँडवर चढवली, फेअरिंगच्या कडेला खडू फासला अन् हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरवलं. खडू जसाच्या तसा.

"पाह्य! कुठं लागते? मले येडा समजून राह्यला काय?"

तावातावानं त्यानं गाडी स्टँडवरून उतरवली अन् हँडलवर सगळा भार टाकून ते वळवलं. भारानं बुटकं हँडल खाली झुकलं अन् त्याचाच अंगठा फेअरिंगमध्ये चेंगरला.

"अरे बाप्पा! वजन पडल्यावर लागते, हे पयले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही बसूच कुठं दिलं, काका?"

गजेंद्रनं खडूनं माखलेला अंगठा झटकला. माणूस बसल्याशिवाय आता माप मिळणार नव्हतं.

"बस," तो शेवटी म्हणाला, अन् आधी चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली.