भर ताणात सोडलेलं पाणी

मंडळी, इथले किस्से मी आजवर चहासोबत वाचले आणि हसून सोडून दिले. माझी उभी हयात अकोल्याला वीज खात्यात गेली. जिथं वायर नाही तिथं करंट नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. तरी आज लिहितोय, कारण विषय माझ्या आजोबांचा आहे... आणि त्यांच्याबद्दल बोलायची संधी मी कधी सोडत नाही.

आमचं गाव शेंदूरजनाघाट, घरची संत्र्याची बाग. आजोबांना आम्ही आबाजी म्हणायचो. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. पहिलं महायुद्ध चाललेलं, आबाजी अमरावतीला जाऊन फौजेत भरती झाले आणि थेट इराकातल्या बसऱ्याकडे रवाना! लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं.

आता बागेबद्दल थोडं. मृगाचा बहार हवा असेल तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. झाड अगदी केविलवाणं दिसतं, पण पावसाबरोबर फुलांनी लगडतं. मध्येच पाणी दिलं की बहार गेलाच म्हणून समजा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि एक म्हणजे हाळी. झाडांपाशी उभे आबाजी ओरडणार, "पानी सोड व!" विहिरीवर मोट हाकणारी आजी म्हणणार, "सोडलं जी!" पाणी पोचलं की आबाजी, "आलं व!" लग्नानंतर रोजचंच चाललेलं.

तर आबाजी तिकडे असताना, वैशाखी पुनवेच्या दुपारी, सासरे गावात गेलेले पाहून आजीनं एकटीनं बैलं जुंपली आणि भर ताणात बागेला पाणी सोडलं! सासऱ्यांनी कपाळ बडवून घेतलं. कारण विचारलं तर एकच उत्तर – "त्यायनं आवाज देल्ला."

लोकांनी त्याचा वाईटच अर्थ काढला. लढाईवर गेलेल्याचा आवाज बागेत येतो म्हणजे काय, हे कोणी तोंडानं म्हटलं नाही, पण बायका तिच्या बांगड्यांकडे पाहू लागल्या. आजीनं एकही बांगडी उतरवली नाही. मला या बाईचा फार अभिमान आहे.

पुढच्या वर्षी आबाजी परतले, एका पायानं लंगडत. पहिल्याच जेवणाला सासऱ्यांनी गाऱ्हाणं मांडलं, "तुह्या बायकोनं भर तानात पानी सोडलं. सारा बहार बुडवला!"

"तुमीच तं मागतलं," आजी चुलीपासून म्हणाली. "पुनवेच्या दुपारी."

आबाजींचा घास हातातच राहिला.

"बाबा, तिले काई म्हनू नका," ते म्हणाले. "त्या दुपारी पायात गोळी लागून मी रेतीत पडून होतो. संगचे लोक मेला समजून पुढं गेले. घशाले कोरड पडली, तं मी हिलेच आवाज देल्ला, पानी सोड व! अन् बाबा, मले साफ ऐकू आलं... सोडलं जी! म्या जोरात म्हटलं, आलं व! तोच आवाज ऐकून जखमी उचलनारे डोलीवाले माघारी फिरले. नाई तं तिथंच माती झाली असती."

सासऱ्यांनी आपल्या ताटातली भाकर आबाजींच्या ताटात ठेवली. मग म्हणाले, "बहाराचं काय... पुढच्या साली येते."

असे परतलेले आबाजी नव्वदी ओलांडून जगले. झाडं कवायतीसारखी ओळीत लावली, पोरींनाही अमरावतीला शिकवलं, आजी गेल्यावर तिचा चहाचा कप शेवटपर्यंत रोज स्वतः विसळून ठेवला.

ते गेले तोही उन्हाळाच. बाग ताणावर होती. मोट जाऊन मोटर आलेली, आणि चुकून कोणी चालू करू नये म्हणून फ्यूज काढून मी खिशात ठेवला होता. दुपारी बाजेवर पडलेले आबाजी, दोन दिवस मुके, एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "पानी सोड व!"

माझी आई वाटी घेऊन धावली. त्यांनी वाटीकडे पाहिलंही नाही. कान विहिरीकडे... मग चेहरा असा फुलला, काय सांगू! "आलं व!" म्हणाले आणि संपले.

डोळे पुसायला मी बाहेर आलो. विहिरीजवळच्या पहिल्या ओळीत, प्रत्येक झाडाच्या बुडाशी, पाणी उभं होतं.

मी मोटर तपासली, वॉल्व्ह तपासला, पाइप हातानं चाचपत गेलो. पाइप कोरडा, उन्हानं तापलेला. फ्यूज माझ्या खिशात.

आई मागे येऊन उभी राहिली. ओल पाहिली आणि म्हणाली, "बाकीच्या झाडाइलेही सोड ना मंग."

मी फ्यूज बसवला आणि स्टार्टर दाबला. त्या वर्षी आमचा मृग पार बुडाला. गावात कोणी विचारलं, "भर तानात पानी? काहून व?" तर आई मान ताठ करून सांगायची,

"आमच्या फौजीनं मागतलं. आमी सोडलं."