नुसते ओठ हलवले

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. गरजच पडली नाही — कारण आमगावात माझ्याविषयी एक गोष्ट आधीच रूढ आहे, आणि ती मला फार सोयीची आहे. मी अमेरिकेत गेलो, तिथल्या एका बाईशी लग्न केलं, आणि ती मला टाकून गेली. ही गोष्ट मीच पसरवली. तिचा शेवट सोडला तर बाकी खरी आहे.

मला समारंभांचं वावडं आहे, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. स्टेजवरचे सोफे, त्यांत रुतलेले पुढारी, भूक लागलेल्या पाहुण्यांपुढे वाचली जाणारी 'आपल्यात उपस्थित असलेल्यां'ची नावं — यांची मी जन्मभर टिंगल केली. चार पुस्तकं वाचली की माणसाला वाटतं, ढोंग दुसरेच लोक करतात.

जोन शाळेची बस चालवायची. माझ्यापेक्षा वयानं मोठी, एक लग्न मोडलेली, मोकळ्या गळ्यानं हसणारी. नव्या शतकाच्या सुरुवातीची वर्षं होती. कॉम्प्युटरवाल्यांच्या नोकऱ्या भराभर जात होत्या आणि माझ्या व्हिसाची मुदत संपत आली होती. तिथल्या नागरिक बाईशी लग्न केलं की कायमचं राहता येतं, हे आपल्याकडून गेलेल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. मला ती आवडत नव्हती का? आवडायची. पण व्हिसा अजून पुष्कळ उरला असता, तर मी तिला लग्नाचं विचारलं असतं का? — नाही. तिला वाटलं, मी तिच्यासाठी विचारतोय. मी तिला तसं वाटू दिलं.

लग्न आमगावात करू, हेही मीच सुचवलं. जोनचे डोळे भरून आले. मी मनात फोटो मोजत होतो. लग्न खरं की खोटं हे तपासणारा अधिकारी फोटो मागतो — आणि पांढऱ्या कपड्यांतले नवरा-नवरी, हार, पदरानं डोळे पुसणारी आई, असा पुरावा कोर्टात नुसती सही करून कुठून मिळणार?

आमच्या बौद्ध लग्नात फेरे नसतात. विहारात बुद्धमूर्तीपुढे उभं राहून नवरा-नवरीनं सगळ्यांदेखत प्रतिज्ञा घ्यायच्या असतात. आधी नवऱ्यानं — पत्नीचा मान राखीन, तिचा अपमान करणार नाही, तिच्याशी बेइमान होणार नाही. मग नवरीनं. जोननं हट्टच धरला, मी मराठीतच म्हणणार. आईनं कॅसेट भरून पाठवली. गावातली लग्नं ऐकून ऐकून तिला नवऱ्याच्या आणि नवरीच्या दोन्ही प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या, तिनं दोन्ही म्हटल्या. जोन मुलांना सोडून रिकामी बस परत आणताना ती कॅसेट लावायची.

लग्नात तिनं एकही शब्द चुकवला नाही. फक्त मध्येच, त्याच गंभीर सुरात, "थांब वो बाई, पाणी पेतो जरासा," हेही म्हटलं. आईनं कॅसेट भरताना घेतलेला तो घोट तिनं प्रतिज्ञेचाच भाग समजून पाठ केला होता. अख्खं विहार हसलं. बायका म्हणाल्या, "आपलीच हाय गा हे पोरगी!" आई तर हसता हसता रडायला लागली.

पण त्याआधी माझी पाळी होऊन गेली होती. बौद्धाचार्य माईकवर एकेक वाक्य सांगत होते, आणि मी — नुसते ओठ हलवले. आवाज काढला नाही. मला वाटलं, फसवायचं ते परदेशी सरकारला. बुद्धासमोर तरी खोटं बोलू नये. केवढी ही तत्त्वनिष्ठा! लाऊडस्पीकर खरखरत होता, कुणाला काय कळणार? फोटोत माझं तोंड छान उघडं आलंय.

मुलाखतीत अधिकाऱ्यानं नेमका तोच फोटो उचलला. विचारलं, इथे हे काय म्हणतायत? मी जोनकडे पाहिलं. जोननं उत्तर दिलं. माझ्या सगळ्या प्रतिज्ञा, आईच्या हेलात, एकामागून एक — आणि मग त्यांचा अर्थ. अधिकारी खूश झाला.

तिथे राहायचं पहिलं ग्रीन कार्ड कच्चं, दोन वर्षांपुरतं असतं. ते पक्कं होईपर्यंत मी उत्तम नवरा होतो. तिच्या आजारी वडिलांचीही सेवा केली. पक्कं झाल्यावर एका सकाळी, ती बसची किल्ली घेऊन निघाली असताना, मी सांगितलं — मला वेगळं व्हायचंय.

ती ओरडली नाही. दारात थांबली. म्हणाली, विहारात तू काहीच बोलला नाहीस, मला तेव्हाच कळलं होतं, मी खेटून उभी होते. "मला वाटलं, तू लाजतोयस." मग ती निघून गेली. मुलं थांबली होती.

आईला मी फोनवर सांगितलं, जोननं मला सोडलं.

"काऊन गा? अशी तं नोहती ते." आणि मग हळूच, "तू तं काही केला नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी आवाज स्वच्छ निघाला.

आईनं विश्वास ठेवला, आणि विश्वास ठेवला की ती अर्धवट ठेवायची नाही. बाजारात, बसस्टँडवर, विहारात, कुणी विचारो न विचारो — "त्या गोरीनं माह्या पोराचं वाटोळं केलन." एकदा जोननं तिला फोन केला. जोनला मराठी येत होतं ते तेवढंच, कॅसेटमधलं. तिनं तेच म्हणायला सुरुवात केली. आईनं आवाज ओळखला आणि फोन आपटला. हे आईनंच मला सांगितलं, अभिमानानं. मी म्हणालो, बरं केलंस.

आई मरेपर्यंत तसंच मानत राहिली.

आता मी गावी आलो की नात्यातल्या लग्नांत मला स्टेजवरच्या सोफ्यावर बसवतात. 'आपल्यात उपस्थित असलेल्यां'त माझं नाव असतं. खाली मावश्या बोलत असतात, "ते मेली गोरी, टाकून गेली बिचाऱ्याले." मला सगळं ऐकू येतं.

मी बसून राहतो. आता ओठसुद्धा हलवत नाही.