पांढऱ्या कागदावरचे ठिपके

माझ्या दादाला ऑफिसात कंपाउंडर म्हणत. डॉक्टर फी घेतो, हा फुकट औषध देतो, म्हणून कंपाउंडर. खरं काम दिव्या-पंख्यांच्या दुरुस्तीचं. अकरा मजल्यांची इमारत, रोज कुठे ना कुठे ट्यूब गेलेली असायचीच. हा शिडीवर चढला की वरून त्याला कपाटांमागे सारलेल्या कुंड्या दिसायच्या. साहेबांना कुणीतरी भेट दिलेली कोवळी रोपं. महिनाभर कौतुक, मग कोपरा. दादा ट्यूब बसवायचा, खाली उतरायचा आणि आधी रोपाचं पान उलटून बघायचा. कीड कधी पानाच्या पुढे बसत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. माणसांबद्दलही तो हेच म्हणायचा, पण ते हसत हसत.

निवृत्त झाला तेव्हा ऑफिसाने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्याने स्वतःहून चौदा कुंड्या उचलून आणल्या. मागच्या खोलीत लोखंडी मांडणी उभी केली, प्रत्येक फळीखाली ट्यूब लावली. मग लोक घरी येऊ लागले. कुणाच्या रोपाच्या बेचक्यात कापसाचे कण दिसतायत, कुणाच्या कुंडीवर चिलटं उडतायत. दादा नुसतं बघून सांगायचा. कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने एकेक टिपायचा. चिलटं म्हणजे पाण्याचा अतिरेक, माती वाळू द्या, रोपावर प्रेम जरा कमी करा. पानांवर चंदेरी ओरखडे असले तर फुलकिडे. सगळ्यात हलकट लाल कोळी. टाचणीच्या टोकाहून बारीक, नुसत्या डोळ्याला धूळच वाटते. त्यांच्यासाठी तो पांढरा कागद पानाखाली धरायचा आणि पानाला दोन टिचक्या मारायचा. कागदावर ठिपके पडतात. पडून राहिले तर धूळ. चालायला लागले तर कोळी.

आणखी एक नियम होता. बाहेरून आलेलं रोप पंधरा दिवस न्हाणीघरात. कितीही निरोगी दिसो, कुणीही दिलेलं असो. त्या घरात आंघोळ करताना कोणी ना कोणी आजारी आपल्याकडे बघत असायचंच. वहिनी म्हणायची, "यांच्या पेशंटांपुढे मला पदर घ्यावा लागतो."

वहिनीने त्या चौदा कुंड्यांना कधी हात लावला नाही. तिची एकच वेल होती, स्वयंपाकघराच्या खिडकीत. जाड, चकचकीत पानांची, मेणाने घडवल्यासारखी फुलं यायची गुच्छाने. "बाकीची तुमची, ही माझी," असं तिने वाटप करून टाकलं होतं. बारा वर्षं ती वेल दोरीवरून चढत राहिली. मग वहिनी आजारी पडली. सत्तर दिवस दादा इस्पितळात तिच्या उशाशी होता आणि शेजारीण भलेपणाने वेलीला रोज पाणी घालत होती. वहिनी गेली. दादा घरी आला तेव्हा वेलीची मुळं कुजून काळी पडली होती. शेजारणीला तो एक शब्द बोलला नाही. वेलीच्या वरच्या, हिरव्या उरलेल्या टोकांचे त्याने सात तुकडे कापले, प्रत्येकाला दोन-दोन पानं ठेवली आणि काचेच्या पेल्यांत उभे केले.

वहिनी गेली तेव्हा तो रडला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात मला पेला दाखवायला आला. दांड्याला पांढरं, तांदळाच्या कणीएवढं मूळ फुटलेलं होतं. "सातही जगली गं," म्हणाला आणि तिथेच पेला हातात धरून ढसाढसा रडला.

तोवर मी त्याच्याकडे राहायला आले होते. मी धाकटी, बिनलग्नाची. कपड्यांच्या कारखान्यासाठी घरी बसून काजं-बटणं करते. अर्धं आयुष्य सुईच्या नेढ्यात गेलं, पण नजर अजून तीक्ष्ण आहे. आमची आई शेवटची नऊ वर्षं पूर्ण आंधळी होती. ती नऊ वर्षं मी तिला भरवलं, फिरवलं, तिच्या शिव्या खाल्ल्या. ती गेल्यावर तेराजण बसले होते त्या खोलीत मी सांगून टाकलं, "आता पुन्हा कुणाची काठी होणार नाही मी. आत्ताच सांगून ठेवते." माझी जीभ तिखट म्हणून घरात प्रसिद्ध. सगळे हसले. दादाही हसला.

गेल्या वर्षी त्याने नवं खूळ काढलं. मी खिडकीत काजं घेऊन बसले की हा कागद घेऊन हजर. टिचकी मारलेला, ठिपके पडलेला पांढरा कागद माझ्या नाकासमोर धरायचा.

"दिसतंय का गं काही?"

"तूच बघ ना. भिंग तुझ्याकडे आहे."

"तुला शिकवतोय. माझ्यामागे कोण बघणार ही रोपं?"

एकदा, दोनदा बघितलं मी. मग कंटाळा आला. एका सदऱ्याची सात काजं, दिवसाचे वीस सदरे, आणि मध्येच हा धुळीचे कण घेऊन उभा. मला वाटायचं, वहिनी नाही म्हणून याला कुणीतरी बोलायला हवंय आणि हा मला विद्यार्थिनी करतोय. म्हणून मी मान वर न करताच म्हणायला लागले, "काही नाही, दादा." तो "बरं" म्हणून जायचा. दर तीन दिवसांनी तोच प्रश्न, तेच उत्तर. आमच्यात दुसरं संभाषण फारसं नव्हतंच.

अडीच महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या जुन्या शिपायाने एक छोटा पाम आणून दिला. पानांचा रंग उडाल्यासारखा होता. दादाने त्याला न्हाणीघरात ठेवलं, पंधरा दिवस बरोबर मोजले. सोळाव्या दिवशी कागद घेऊन आला. त्या दिवशी माझी सुई मोडली होती, कारखान्याची गाडी दारात यायची होती.

"नीट बघ हं. याला आज आत घेतोय."

"काही नाही म्हटलं ना!"

त्याने पाम मांडणीवर नेला. जागा होती ती दुसऱ्या फळीवरच, वहिनीच्या सात रोपांशेजारी.

पुढे एकदा तो वेलीचं पान अंगठ्याने चोळत म्हणाला, "खरखरीत लागतंय गं. आणि वर काही ठिपके-बिपके?"

"धूळ आहे. पुसून घे."

त्याने ओल्या फडक्याने सातही रोपं पुसली. तेच फडकं पामावरून, तेच वेलीवरून. मी बघत होते.

मग एका दुपारी मी पाणी प्यायला उठले. मागच्या खोलीच्या खिडकीतून ऊन तिरकं आत आलं होतं, थेट दुसऱ्या फळीवर. त्या उन्हात पामापासून वेलीच्या रोपांपर्यंत जाळी चमकत होती. पानाच्या देठापासून देठापर्यंत धागे ताणलेले, आणि धाग्यांवरून तांबूस ठिपके ये-जा करत होते. पानं टाचण्या टोचल्यासारखी पांढुरकी. मी ओरडलेच, "दादा, अरे जाळी!"

तो धावत आला. भिंग डोळ्याला लावून वाकला आणि जिथे काहीच नव्हतं त्या कुंडीकडे बघू लागला.

"कुठे?"

"अरे समोर. तुझ्या नाकासमोर."

त्याने मान वाकडी केली. कोंबडी दाणा बघते तशी, एका बाजूने. तरी त्याला सापडेना. शेवटी हात पुढे करून त्याने बोटांनी चाचपलं, तेव्हा जाळं तुटून त्याच्या नखाला चिकटलं.

"तुला दिसत नाही?"

"कडेचं दिसतं. मधलं जातं," तो म्हणाला. "जिथे बघावं तिथेच डाग येतो. डॉक्टर म्हणाले, परत यायचं नाही ते."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

तो नख पुसत होता. "तू सांगून ठेवलं होतंस ना," म्हणाला. रागाने नाही. भाजी आणायची आठवण करावी तसं.

म्हणजे तो मला शिकवत नव्हता. तो माझे डोळे वापरत होता, आणि मला काठी झाल्यासारखं वाटू नये म्हणून मला विद्यार्थिनी म्हणत होता. तीन दिवसांतून एकदा, दोन मिनिटं, एवढंच मागत होता. आईला नऊ वर्षं दिली मी, त्याचा केवढा तोरा मिरवला, आणि याला दोन मिनिटं नाही दिली.

"मग कागदावर," त्याने विचारलं, "खरंच काही नव्हतं का गं?"

त्या क्षणी खोटं बोलणं सोपं होतं. कोळी फार बारीक असतात, भल्याभल्यांना चकवतात, हे त्यानेच शंभरदा सांगितलेलं. त्याने लगेच पटवूनही घेतलं असतं. पण माझ्या तोंडून आलं, "मी बघतच नव्हते, दादा."

"पामाच्या वेळी?"

"तेव्हाही नाही."

तो मांडणीला टेकून उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी तरी उलटून बोलले असते. मग म्हणाला, "पाम आधी पिशवीत घाल. तोंड घट्ट बांध. हलवू नकोस, खाली सांडतील."

पुढचे पाच आठवडे मी त्याचे हात झाले. त्याने सांगायचं, मी करायचं. ज्यांची जाळी शेंड्यापर्यंत पोचली होती ती पाच रोपं त्याने टाकायला लावली. "ही वाचणार नाहीत, आणि उरलेल्यांना घेऊन जातील." प्रत्येक कुंडी पिशवीत घालताना तो पानावरून बोट फिरवायचा आणि मग पिशवी माझ्याकडे द्यायचा. उरलेली दोन न्हाणीघरात. पानं उलटी करून नळाच्या धारेखाली धुवायची, मग साबणाच्या पाण्याचा फवारा, पानाच्या पाठीवर, देठाच्या खाचेत. दर पाच दिवसांनी पुन्हा, कारण साबणाने कोळी मरतात, अंडी मरत नाहीत. ती फुटली की नव्यांना गाठायचं. मांडणी पुसली, फडकी जाळली. तिसऱ्या फवाऱ्यानंतर दोनांतल्या एकाने दोन्ही जुनी पानं टाकली आणि दांडा मऊ पडला. उरलं एक.

या पाच आठवड्यांत तो माझ्याशी वाईट वागला नाही. चहा झाला का विचारायचा, कारखान्याची गाडी आली का विचारायचा. फक्त कागद घेऊन माझ्याकडे आला नाही. मीच म्हणायचे, "बघू का?" तो म्हणायचा, "अजून फवारे व्हायचेत."

काल शेवटचा फवारा होऊन पाच दिवस झाले. मी सकाळी काजं बाजूला ठेवली, न्हाणीघरात जमिनीवर बसले, टेबलावरचा दिवा वायरीने ओढून आणला. एकेका पानाखाली कोरा कागद धरला. चार पानं, चार कागद. टिचकी मारून प्रत्येक कागदाकडे मी भिंगातून इतका वेळ बघितलं की डोळ्यांतून पाणी आलं. दोन ठिपके होते. ते हलले नाहीत. बोटाने चिरडून बघितले, कोळ्याची तांबडी रेघ उमटली नाही. माती होती. मधल्या बेचक्यात तर नवा कोंब दिसत होता, पोपटी.

मी उठले. दादा दारातच उभा होता.

"काही नाही, दादा," मी म्हटलं. "एकही नाही. शिवाय नवं पान येतंय."

हेच शब्द मी त्याला वर्षभर ऐकवले होते. आवाजही तोच होता, माझ्याकडे दुसरा नाही.

"बरं," तो म्हणाला. खाली बसून त्याने चाचपडत कुंडी घेतली, तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातली, एक कोरा कागद घडी करून खिशात ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालास?"

"समोर, घड्याळजीकडे. त्याच्याकडे उजेड चांगला असतो."

"मी येते बरोबर."

"नको. जिन्याला कठडा आहे."

मी खिडकीशी उभी राहिले. रस्ता ओलांडताना तो एक सायकल जाईपर्यंत थांबला, मान वाकडी करून. दुकानात घड्याळजीने डोळ्याला आपलं भिंग अडकवलं, कागद पसरला, टिचकी मारली. वाकून बघितलं. मान हलवली. दादाने काहीतरी सांगितलं, त्याने दुसऱ्या पानाला टिचकी मारली, पुन्हा मान हलवली. मग दोघं हसले.

दादा वर आला, धापा टाकत. पिशवी काढली आणि कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, वहिनीची वेल असायची तिथेच, तीच दोरी अजून लोंबते आहे. कुंडी नीट बसली का ते हाताने पाहिलं. मग माझ्याकडे वळला.

"काही नाही म्हणाला," त्याने मला सांगितलं. "नवं पान येतंय म्हणे."

"बरं झालं," मी म्हटलं.

मग मी काजं घेऊन बसले. दोरा पहिल्याच खेपेला सुईत गेला.