निळूमामाचं डोकं

पडदा वर जातो. मागे नाशिकच्या पांडवलेण्यांचा डोंगर, वैशाखात भाजून तपकिरी झालेला. पुढे इंदिरानगरच्या कडेला झेंडूचा एक अर्धा सुकलेला मळा, पत्र्याची शेड, तीन पायांवर उभा कॅमेरा. शेडच्या सावलीत बाजेवर एक निळा प्राणी बसला आहे. डोकं रांजणाएवढं, डोळ्यांत बॅटरीचे दिवे. हातातल्या पंख्याने तो मानेखालच्या फटीत वारा घालतो आहे.

हा सहादू. साल चौऱ्याऐंशी. गेल्याच महिन्यात आपल्या देशाचा पहिला माणूस अंतराळात जाऊन आला होता, त्यामुळे चहाच्या टपरीवरसुद्धा लोक आभाळाकडे बघून बोलत. अशात पुण्याच्या रंगनाथ नावाच्या तिशीतल्या दिग्दर्शकाने मुलांचा सिनेमा काढायला घेतला. दुसऱ्या ग्रहावरचा एक जीव वाट चुकून फुलांच्या मळ्यात उतरतो, चार मुलं त्याला शेडमध्ये लपवतात, आणि शेवटी तो आपल्या घरी जातो, एवढीच गोष्ट. मुलं त्याला निळूमामा म्हणत. मी मुलांची आजी झाले होते. आमची नाटक कंपनी बंद पडून आठ वर्षं झाली होती आणि आजीचंसुद्धा काम मला कुणी देत नव्हतं, म्हणून रंगनाथचा निरोप आला तेव्हा पत्ता न विचारताच निघाले.

सहादू पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. तिकडे बोहाडा असतो, देवादिकांचे मुखवटे घालून नाचण्याचा उत्सव. सहादूने तीस वर्षं मुखवटे घातले आणि घडवलेही. रंगनाथने त्याला तिथेच पाहिलं आणि परग्रहावरच्या पाहुण्याचं डोकं त्याच्याकडूनच करून घेतलं. बांबूच्या कामट्या, कागदाचा लगदा, वर निळा रंग. आतून ते सहादूच्याच मापाचं झालं. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर बसेना. मग सहादूलाच निळूमामा व्हावं लागलं. वय पंचावन्न, गुडघे दुखरे, दम लागायचा.

त्याच्या पाड्याची एक रीत होती. मुखवटा आपल्या हाताने चढवायचा, पण आपल्या हाताने उतरवायचा नाही. दुसऱ्याने समोर दिवा धरायचा, कपाळाला दोन तांदूळ लावायचे आणि दोन्ही कानांना धरून तो उचलायचा. तोवर आतल्या माणसाने तोंडातून शब्द काढायचा नाही. आपण होऊन मुखवटा काढला तर सोंग अर्धं राहिलं, असं तो मानी.

"अहो, हा काय देव आहे?" रंगनाथ पहिल्या दिवशी म्हणाला. "हा परग्रहावरचा प्राणी. माझ्या डोक्यातून निघालाय."

"सायेब, वरून आला ना?" सहादू म्हणाला. "मंग वरच्याला वरच्यावानी वागवायचं."

रोज काम संपलं की त्याची बायको ठमाबाई शेडमागून पितळी निरांजन घेऊन यायची. मुलांना तेवढा वेळ मळ्यापलीकडे न्यायचं, हा रंगनाथचा हुकूम. आत माणूस आहे हे कळलं तर डोळ्यांतलं नवल जाईल, असं त्याचं म्हणणं. दिवेवाला भिका ठमाबाईला रोज चिडवी.

"आल्या बरं का वहिनी! यान उतरणार, बाजूला व्हा!"

"तू घाल की एक दिस," ठमाबाई म्हणायची. "मंग बघते तुझं यान कसं उतरतंय."

डोकं निघालं की खालून सहादूचा चेहरा वर यायचा, उकडलेल्या कंदासारखा. तो तांब्याभर पाणी पिऊन भिंतीला टेकून बसायचा. मी आयुष्यभर रंग फासून उभी राहिले, पण टाळ्या ऐकण्यासाठी. हा माणूस कशासाठी एवढा शिणतो, ते मला उमजत नव्हतं.

एकविसाव्या दिवशी त्याला चक्कर आली. रंगनाथ घाबरला. उरलेला शेवटचा प्रसंग, पाहुण्याने डोंगराकडे निघून जाण्याचा, पाठमोराच होता. नवीन, हलकं डोकं करून भिकाला उभं करू, असं त्याने ठरवलं. सहादूने ऐकलं आणि माझ्याकडे आला.

"बाई, तुमी सांगा सायबाला. घातलंय ते मीच पुरं करनार. एकच दिस ऱ्हायलाय."

"मेलास म्हणजे?"

"अर्ध्यात सोडून मेलो तर वंगाळ."

मी रंगनाथशी बोलले. त्याने मानलं. आणि नेमकं त्या रात्री ठमाबाईच्या बहिणीच्या मुलीला कळा लागल्याचा निरोप आला. पहाटेच्या एसटीने जाण्याआधी ठमाबाईने निरांजनाचा डबा माझ्या हातात दिला. "बाई, उद्या तुमी उतरवा. याद ठेवा हां." मी हो म्हणाले. सहादू शेजारीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो प्रसंग झाला. मुलं मळ्याच्या बांधावर उभी, मी त्यांच्यामागे, आणि निळूमामा चढण चढत डोंगराकडे. गौतमी नावाची नऊ वर्षांची मुलगी होती, नाशिकरोडच्या एका कारकुनाची. तिने हात हलवायचा होता. तिचा हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला, कुणी न सांगता. तो पाठमोरा चालत राहिला, खडकामागे दिसेनासा झाला. रंगनाथ डोळे पुसत "कट" म्हणाला.

मग टाळ्या. सगळा चमू टाळ्या वाजवत होता. रंगनाथ माझ्या पाया पडला, फोटो झाले, कुणीतरी मळ्यातल्याच झेंडूचा हार घातला. आठ वर्षांनी मी टाळ्या ऐकत होते. मी खुर्चीवर बसले आणि जुन्या गोष्टी सांगू लागले. कोणत्या गावी प्रेक्षकांनी तिसरा अंक पुन्हा करायला लावला, कुठे पाऊस आला तरी कुणी उठलं नाही. सगळे ऐकत होते. सामान ट्रकमध्ये चढत होतं. सहादू खडकाआडून उतरून विहिरीवर अंघोळीला गेला असेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलं. जेवणं झाली. तास उलटून गेला.

गौतमी माझ्या खुर्चीशी आली. "आज्जी, मामाचं डोकं कुणी काढलं?"

मी शेडकडे पाहिलं. बाज रिकामी होती.

"आत माणूस आहे ते आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "त्यांना खोकला येतो. ठमाबाई दिवा धरून डोकं काढतात, तेही लपून बघितलं होतं. आम्ही बोललो नाही, रंगनाथकाकांना वाईट वाटलं असतं."

डबा माझ्या पिशवीत होता. मी उठले. हार काढून टाकायचंही सुचलं नाही. पायांत पायतण होतं की नाही आठवत नाही, पण खडे आठवतात. गौतमी पाण्याची कळशी घेऊन पुढे, मी मागे.

तो खडकाला पाठ लावून बसला होता. सावली केव्हाच सरकून गेली होती. हात गुडघ्यांवर, ते भलंमोठं डोकं छातीकडे झुकलेलं, डोळ्यांतले दिवे पिवळे पडून विझत आलेले. तो हलत नव्हता. मी हाक मारली. त्याने एक बोट उचललं.

मी दिवा लावला. वाऱ्याने दोनदा विझला. गौतमी फ्रॉकचा घेर पसरून आडवी उभी राहिली तेव्हा पेटला. तांदूळ लावले. डाव्या कानाला मी धरलं, उजव्या कानाला तिने. उचललं.

ओठ पांढरे, कानशिलांवर मिठाची रेघ. गौतमीने ओंजळीने पाणी पाजलं. पाणी पिऊन त्याने डोळे मिटून घेतले.

सिनेमा पुढच्या वर्षी आला आणि आठवडाभर सकाळच्या खेळांना चालून गेला. सहादू पेठला परतला, त्याने पुन्हा मुखवटा घातला नाही, आणि तीन पावसाळ्यांनी वारला. त्या दुपारी भिका त्याला खांद्यावर घालून ट्रककडे घेऊन गेला, त्यानंतर माझी त्याची भेट नाही. म्हणून मी ऐकलेलं त्याचं शेवटचं बोलणं त्या खडकापाशीचंच.

मी रडत होते, चिडले होते. म्हटलं, "अरे, काढायचं ना आपल्या हाताने! आम्ही आलोच नसतो तर?"

त्याने डोळे उघडले. माझ्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"तुमी हो म्हनला व्हता ना, बाई. मंग येनारच व्हता. बसा आता जरा. लय चाललात उनाचं."