कौसाबाईंच्या उसातली वाघीण

माझ्या फील्डबुकांची एक गंमत आहे. उजव्या पानावर डेटा: जागा, वेळ, ठशाची लांबी, ठशाची रुंदी. डावं पान ‘इतर निरीक्षणांसाठी’ मोकळं ठेवायचं, असं आमच्या सरांनी बजावलं होतं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बिबट्यांच्या मागे मी दहा-बारा वर्षं काढली, आणि शेवटी असं झालं की उजवी पानं अर्धीमुर्धी, डावी मात्र समासापर्यंत भरलेली! उजव्या पानांवर मला पीएचडी मिळाली. पण आम्हा अभ्यासकांतले दोघं-चौघं भेटले की ‘तुझा सॅम्पल साइज किती होता गं?’ असं कुणी विचारत नाही. ‘ते सांडग्यांचं सांग ना,’ असंच म्हणतात.

\* \* \*

तर आधी सांडगे.

बिबट्या काय खातो हे शोधायचा सोपा मार्ग म्हणजे त्याची विष्ठा गोळा करायची, वाळवायची आणि तिच्यातले केस तपासायचे. कुत्र्याचे, शेळीचे, डुकराचे, उंदराचे. मार्ग सोपा आहे, पण घरमालकिणीला समजावून सांगायला अवघड! नारायणगावात माझी भाड्याची खोली होती आणि वर मोठी गच्ची. मी मालकीणबाईंना, म्हणजे वहिनींना, पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “गच्चीचा ह्यो कोपरा तुमचा, त्यो माझा. मधी टाकी.”

एका उन्हाळ्यात मंचरहून त्यांची धाकटी बहीण आली. माझ्या कोपऱ्यात वर्तमानपत्रावर नमुने वाळत होते, वहिनींच्या कोपऱ्यात सांडगे. बहिणीने दुपारी मदत म्हणून वाळवण गोळा करून आणलं. दोन्ही कोपऱ्यांतलं! एकाच सुपात!

स्वयंपाकघरात वहिनींनी तेल तापत ठेवलं होतं. बहीण सूप पाखडत म्हणाली, “आक्का, ह्यातलं निम्मं लई काळं पडलंय गं. डाळ जुनी व्हती का?”

मी दारात उभी. आज सामान रस्त्यावर, याची मला खात्रीच झाली.

वहिनींनी गॅस बंद केला आणि कडाडल्या. पण माझ्यावर नाही, बहिणीवर! “अगं ठेव, ठेव आधी खाली! ताईंच्या परीक्षेचं हाय ते!”

ते सूप वहिनींनी मला देऊन टाकलं. अजून आहे माझ्याकडे.

\* \* \*

मला ठसे ओळखायला शिकवलं ते दगडूभाऊंनी. ते वनमजूर होते, पन्नाशीचे, खांद्याला कायम एक खाकी पिशवी. मला शिकवायची जबाबदारी त्यांच्यावर कुणीही टाकली नव्हती. ‘शिकल्याली पोरगी हाय, पन हिला दिसत काय न्हाई,’ अशा काळजीपोटी ती त्यांनी स्वतःहून अंगावर घेतली.

एकदा सकाळी ओढ्याच्या ओल्या मातीत मला मादीचा सुंदर ठसा मिळाला. इकडे बिबट्याला सगळे वाघच म्हणतात, आणि मादीला वाघीण. मी गुडघ्यांवर बसून मापं घेतली, काच ठेवून ठसा उतरवून घेतला, फोटो काढले. चांगला अर्धा तास गेला. मग विद्यार्थिनीच्या उत्साहाने विचारलं, “भाऊ, ही इथून जाऊन किती वेळ झाला असेल हो?”

“धा मिंटं झाली.”

मी थक्क! “ठशाच्या कडांवरून ओळखलंत? की ओलीवरून?”

“न्हाई. तुमच्या मागून गेली ना आत्ता. त्या घाणेरीच्या झुडपातनं निघाली, तुमच्याकडं बघितलं, आन् वर गेली.”

“भाऊ! मला सांगितलं का नाहीत?”

“तुमी माप घेत व्हता. कामात माणसाला मधीच कशाला बोलायचं?”

\* \* \*

तेव्हा आम्ही गावोगाव माहितीच्या सभा घ्यायचो. ऊस वाढला, बिबट्याला लपायला जागा मिळाली, कुत्री-शेळ्या मिळाल्या, म्हणून तो शिवारात राहायला आला, असं मी स्लाइड दाखवून सांगायचे. भाषण पाठ झालं होतं.

तेच भाषण मी एकदा आणे गावच्या पठारावर जाऊन ठोकलं. पठार कोरडं. तिकडे कसला ऊस आणि कसलं काय! पण माझी गाडी सुटली होती. ऊस दाट लावू नका, घराला लागून ऊस नको, पाटाच्या पाण्यावर एकट्याने जाऊ नका. लोकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

शेवटी पुढे बसलेले एक आजोबा काठीवर जोर देत उठले. “बाई, लई ग्वाड बोलल्या. मंजी बगा, पाणी आलं की ऊस येतो, आन् ऊस आला की वाघ येतो. आसंच ना?”

“अगदी बरोबर, बाबा!”

“मग साहेबांस्नी आमचा येवढा निरोप द्या. पाणी सोडा. वाघाचं आमी बगून घेऊ.”

\* \* \*

एकदा विहिरीत बिबट्या पडला. तो कपारीला धरून बसलेला आणि वर सगळी पंचक्रोशी जमलेली. एक जण तर भेळेची गाडी घेऊन आला होता! शेजारच्या घरातली बाज मागवली, चार कोपऱ्यांना दोर बांधून आत सोडली. बिबट्या तिच्यावर चढून बसला. पण गर्दी हटल्याशिवाय त्याला वर कसा घ्यायचा? विनंत्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. एक माणूस हलेना.

दगडूभाऊ एका मोटारसायकलवाल्याच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, “वरच्या वस्तीवर दुसरा पडलाय म्हनं. त्यो मोठा हाय.”

पाच मिनिटांत विहिरीवर आम्ही सहा जण उरलो. भेळवालासुद्धा गेला.

बाज वर आली, बिबट्याने काठावर उडी घेतली आणि उसात नाहीसा झाला. बाजेच्या सुंभावर नख्यांचे हे एवढे ओरखडे! मी मालकांना म्हटलं, “काका, नवीन विणून देऊ.” तर म्हातारा बाजेला हात लावू देईना. पुढच्या खेपेला गेले तर ती ओसरीत मधोमध मांडलेली. “पावणं, वाईच हितं बसा,” काका म्हणाले, “तो बी हितंच बसला व्हता.”

\* \* \*

हा पुढचा काही किस्सा नाही. पण डाव्या पानावर आहे, म्हणून सांगते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावाने वाघीण पकडायची मागणी केली. अभ्यासक म्हणून माझं मत विचारलं गेलं. मी ‘पकडावी’ असं लिहून खाली सही केली. पिंजरा लागला, ती सापडली, वनखात्याची माणसं तिला दूर डोंगरात सोडून आली. चार दिवसांनी त्याच शिवारात ऊसतोड सुरू झाली आणि सरीत दोन पिल्लं निघाली, डोळे नुकते उघडलेली. आई परत येण्याचा प्रश्नच नव्हता.

दगडूभाऊंनी ती स्वेटरच्या आत घातली आणि जीपमध्ये तशीच छातीशी धरून बसले. बाटलीने दूध पाजायची आम्ही खूप खटपट केली. धाकटं दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. थोरलं जगलं, पण गजांच्या आतच मोठं झालं.

मी त्या दिवशी खूप रडले. दगडूभाऊ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, पुढल्या बारीला सही करायच्या आधी लेकुरवाळी हाय का ते बघू.”

\* \* \*

आणि आता कौसाबाईंचं.

नदीकाठच्या एका वस्तीवर कौसाबाईंचं घर होतं. नवरा मागेच वारलेला, मुलगा पुण्यात बँकेत. घरात बाबासाहेबांचा फोटो, दारात एक शेळी, मागे एकरभर ऊस. शेळीचं नाव चंद्री. तिला आठ दिवसांची दोन करडं होती. एक दिवस भरदुपारी वाघिणीने चंद्रीला उसात ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई वनखात्याच्या ऑफिसात हजर. “जय भीम, साहेब. माझी चंद्री गेली. पिंजरा द्या.” आमचे वनाधिकारी साहेब म्हणाले, बघू. तशी त्यांनी बाकावर बैठक मारली. बरोबर पिशवीत दोन करडं आणि दुधाची बाटली! तीन दिवस रोज सकाळी यायच्या, दर दोन तासांनी ऑफिसातच करडांना दूध पाजायच्या. चौथ्या दिवशी साहेबांनी पिंजरा मंजूर केला.

मी म्हटलं, “साहेब, तिला पिल्लं असली तर?”

साहेब माणूस चांगला, पण नियमाचा. “ताई, तुम्ही मला पिल्लांचे ठसे दाखवा. त्या क्षणी पिंजरा उचलतो.”

पिंजरा उसाच्या कडेला लागला. आत आडव्या गजांपलीकडे आमिषाचा बोकड, अलीकडे पायाखालची फळी. जनावराचा पाय पडला की फळी खाली दबते आणि दार पडतं. बोकडाला चारा-पाणी घालायचं काम कौसाबाईंनी हट्टाने स्वतःकडे घेतलं.

मी आणि दगडूभाऊ रोज सकाळी सातला तिथे. रोज दार उघडंच. आणि ठसे? कुठून असणार! आम्ही पोचायच्या आत बाईंनी अंगण झाडलेलं असायचं. अंगणच नव्हे, पिंजऱ्यापर्यंतची वाट, उसाचा बांध, सगळं लख्ख! मातीवर नुसत्या खराट्याच्या रेघा.

मी हात जोडले. “कौसाबाई, नका हो झाडू. मला ठसे बघायचेत.”

“पोरी, बाईमाणसानं दारात केर ठिवायचा का?” असं म्हणून खराटा पुन्हा सुरू.

मला अक्षरशः झोप लागेना. उद्या दार पडलेलं असेल, आणि चार दिवसांनी ऊसतोड्यांचा निरोप येईल. पुन्हा तेच स्वेटर, पुन्हा तीच बाटली. मी चिडून दगडूभाऊंना म्हणायचे, “ह्या बाईला सूड हवाय.”

कौसाबाई मात्र रोज आम्हाला न्याहारीला बसवायच्या. आमच्या बाजूला दोन्ही करडं बाटलीला लुचत असायची. एरवी त्यांच्या हातची खुरासणीची, कारळ्याची म्हणा, चटणी म्हणजे वा! पण त्या दिवसांत भाकरीबरोबर नुसता कांदा.

“आक्का, चटणी न्हाई व्हय?” दगडूभाऊंनी एकदा विचारलं.

“कशानं वाटू? वरवंटा गेलाय कुठं, सापडंना.”

पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी साहेब स्वतः आले. “बोकड आत आहे, जनावर शिवारात आहे, मग दार पडत का नाही? दगडू, आत जाऊन फळी बघ.”

दगडूभाऊ वाकून आत शिरले. फळीवर हात दाबला. फळी हलेना. त्यांनी फळीखाली हात घातला आणि तसेच थांबले. मग पाठमोरेच राहून पिशवीत काहीतरी सरकवलं आणि बाहेर आले.

“गंज धरलाय साहेब.”

“मग उद्या दुसरा पिंजरा पाठवतो!”

आता मात्र माझा धीर सुटला. मी साहेबांशी भांडायलाच उठले. त्या स्वेटरमधल्या पिल्लांचं सगळं सांगितलं. साहेबही वैतागले. “अहो ताई, मी पहिल्या दिवसापासून काय म्हणतोय? पिल्लांचे ठसे दाखवा, पिंजरा आत्ता उचलतो!”

कौसाबाई खराटा धरून कडेला उभ्या होत्या. त्या एकदम पुढे आल्या.

“मंजी साहेब, पिल्लाचं पाय दिसलं तर पिंजरा जातुय?”

“हो. नियमच आहे तसा.”

“ठरलं?”

“ठरलं.”

कौसाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला. माझ्याकडे अशा रागाने बघितलं की मी जागच्या जागी लहान झाले.

“आन् हे तू मला पंधरा दिस सांगितलं न्हाई व्हय, पोरी! मला वाटलं, पाय दिसलं तर पिल्लंबी धरून न्याल. कंबार मोडली माझी झाडून झाडून!”

त्या पुढे निघाल्या, आम्ही मागे. गोठ्यामागून, बांध ओलांडून, पाण्याच्या पाटापर्यंत. तिथल्या ओल्या मातीत एका मोठ्या पावलाच्या दोन्ही बाजूंनी मांजराच्या पावलांहून थोडी मोठी अशी चिमुकली पावलं उमटली होती. दोघांची. कधी पुढे पळालेली, कधी मागे राहिलेली.

“एवढं आजचं झाडायचं ऱ्हायलं व्हतं,” कौसाबाई म्हणाल्या.

साहेबांनी टोपी काढली आणि ठशांपाशी उकिडवे बसले. दुपारी टेम्पो आला, बोकड आणि पिंजरा घेऊन गेला. मी मापं घेतली.

आम्ही घराकडे परतलो. कौसाबाई करडांना दूध पाजत होत्या. दगडूभाऊंनी चपला काढल्या, आत जाऊन पिशवीत हात घातला आणि वाटणाच्या पाट्यावर काहीतरी अलगद ठेवलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने ताटं आली. गरम भाकरी, कांदा, आणि शेजारी खुरासणीच्या चटणीचा हा एवढा गोळा.

“सापडला का, आक्का?” दगडूभाऊंनी विचारलं.

“सापडला एकदाचा,” कौसाबाई म्हणाल्या. “जेवा आता.”