घोलप सर आणि पिस्तुलाखालचं वजन

माणिकराव घोलप सरांची आणि माझी पहिली भेट एका नळकांड्यामुळे झाली. मी तेव्हा तलवाड्याहून बीडला कॉलेजला जात होते. एनसीसीत नेम बरा लागला, त्यामुळे डोक्यात हवा गेली होती. चौसाळ्याला हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक निवृत्त पी.टी. शिक्षक पिस्तूल शिकवतात, असं कळलं. पिस्तुलाच्या तोंडावर बसवलं की गोळीचा झटका कमी लागतो, असं सांगून ओळखीतल्या एकाने मला भोकं पाडलेलं एक नळकांडं दिलं होतं. तेच घेऊन मी रुबाबात सरांपुढे उभी राहिले.

सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "आपल्या स्पर्धेत हे चालत न्हाई पोरी. आन् झटक्याला काहून भ्यायचं? झटका लागल्याबिगर हाताला कळंल कसं, कुठं चुकलं ते?" मग आपल्या पत्नीला, म्हणजे आपल्या काकूंना, चहा टाकायला सांगितला. ते नळकांडं आजही त्यांच्या टेबलावर आहे. काकू त्यात उदबत्त्या खोचतात.

सरांचा नियमांचा कडवेपणा आपण सगळ्या शिष्यांनीच सोसला आहे. पिस्तुलाची मूठ हाताच्या मापाने घासायची, नळीखाली वजन लावायचं, पण सगळं नियमात बसेल तेवढंच. एका स्पर्धेत त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं पिस्तूल जरासं जड भरत होतं. तपासणीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सरांच्या आलं, आणि त्यांनी स्वतः जाऊन पंचांना सांगितलं. पुतण्या बाद झाला. भावाने पुढे बरेच दिवस अबोला धरला. सर मात्र नेहमीसारखे सणाला त्यांच्या दारात जाऊन बसत, आणि शेवटी भावजयीनेच ताट वाढलं.

माझ्यावर त्यांचे उपकार किती, ते सांगायला एकच प्रसंग पुरे. राज्याच्या निवडीचं वर्ष होतं आणि हायवेवर स्कूटी घसरून माझं उजवं मनगट मोडलं. सर आणि काकू डिंकाचे लाडू घेऊन एसटीने तलवाड्याला आले. प्लास्टर निघाल्यावर मी शेडमध्ये गेले खरी, पण गोळी सुटायच्या आधीच हात दचकायचा. दुखण्यापेक्षा भीतीच मोठी होती. सरांनी नळीच्या तोंडाखाली एक पितळेचं वजन बसवलं. त्याने पिस्तूल उसळायचं कमी झालं आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तेवढं जड पिस्तूल त्या मनगटाला पूर्ण स्पर्धाभर पेलणार नव्हतं. वजन उतरवू या, असं सर म्हणाले, तेव्हा मी सरळ सांगितलं, की ते काढलं तर मी पिस्तूल हातात धरणार नाही. सरांनी वजन तसंच राहू दिलं.

पुढची गोष्ट आपण सर्वांनी सरांच्या तोंडून ऐकली आहे. दर काही दिवसांनी ते वजन काढून आतून थोडं थोडं पोखरायचे, भोक बुजवून वरून काळा रंग द्यायचे आणि परत बसवायचे. निवडीच्या दिवशी सकाळी त्यांनी ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "बघ, निस्तं टरफल हाय. इतके दिस तू तुझ्याच हाताच्या बळावर नेम मारायलीस." मी तोंडाचा आ वासला. त्या दिवशी वजनाशिवाय उभी राहिले आणि माझी निवड झाली. हा किस्सा सांगताना सरांचा चेहरा असा काही फुलतो, की ऐकणाऱ्यालाही बरं वाटावं.

आज पंचाहत्तरीच्या निमित्ताने उरलेला अर्धा किस्सा सांगते. सर, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चार ग्रॅमचा फरक हाताला कळला पाहिजे, असं तुम्हीच आमच्या कानीकपाळी ओरडत होता, आणि तुमच्याच शिष्येला तो कळणार नाही, असं तुम्हाला वाटलं तरी कसं? मी विचारणारच होते. पण तुम्ही पिस्तूल पुढे केलंत आणि तुमच्या अंगठ्याला ओला काळा रंग दिसला. माझ्या भीतीला हसणारे पुष्कळ भेटले होते, दटावणारेही भेटले. तिला इतकं सांभाळून घेणारं कुणी भेटलं नव्हतं. मग मीही गप्प राहिले आणि रोज थोडं जास्त धीराने उभी राहू लागले.

आता मी शिकवते, आणि एखादीचा हात दचकला की आधी तुमचा अंगठा आठवतो. सरांना आणि काकूंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. वयाचं ओझं कुणीतरी असंच गुपचूप, थोडं थोडं पोखरत राहो. आणि सर, ते तुमच्या लक्षात आलं, तर तुम्हीही काही बोलू नका.